नामदार गोखले : रक्तात साखर, पेशी मात्र उपाशी

संगमेश्वरला सोनवी नदी शास्त्रीला मिळते आणि पुढे शास्त्री जयगडच्या खाडीतून समुद्र गाठते. या खाडीच्या उत्तरेला गुहागर तालुका. तिथल्या कोतळूक गावात ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. फर्ग्युसनचे प्राध्यापक, गांधीजींचे राजकीय गुरू, १९०५ च्या काशी काँग्रेसचे अध्यक्ष, भारत सेवक समाजाचे संस्थापक हे सगळं आपण शाळेत पाठ केलंय. पण त्यांना मधुमेह होता, हे किती जणांना माहीत असतं?

१९०२ मध्ये गांधीजी कलकत्त्यात महिनाभर गोखल्यांकडे राहिले. शेजारीच रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय राहत. पगार ८०० रुपये, त्यातले ४० स्वतःला ठेवून बाकी समाजकार्याला! गोखल्यांनीच गांधीजींशी त्यांची ओळख करून दिली. याच राय यांनी १८९६ साली पाऱ्याचं एक नवं संयुग, मर्क्युरस नायट्राइट, जगापुढे मांडलं होतं.

आता गंमत बघा. एका मित्राचा आयुष्यभराचा विषय पारा, दुसऱ्याचा आजार साखरेचा. आणि दोन्ही वाटा पेशीच्या दाराशी येऊन मिळतात.

पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असतो. साखर त्यातून आपली आपण आत जात नाही, तिला प्रथिनांची दारं लागतात. स्नायूंच्या पेशींत ही दारं एरवी आतच ठेवलेली असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पडद्यावर येतात. मधुमेहात हा निरोप तरी कमी पडतो, नाहीतर पेशी तो ऐकत नाही. मग रक्तात साखर साचते आणि पेशी उपाशी राहते.

पारा वेगळ्या पद्धतीने घोळ घालतो. प्रथिनांतल्या गंधकाला तो घट्ट चिकटतो आणि दाराचा आकारच बिघडवतो. माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत पाऱ्याच्या संयुगांमुळे साखरेचा प्रवेश मंदावतो, हे पॉल लेफेव्हर यांनी १९४८ मध्ये दाखवलं. तांबड्या पेशींना तर इन्सुलिनची गरजच नसते. म्हणजे निरोपाचा प्रश्नच नाही, अडतं ते थेट दारच. अर्थात पाऱ्याची मात्रा आणि पेशीचा प्रकार बदलला की परिणामही बदलतो. आणि हो, गोखल्यांना मधुमेह पाऱ्यामुळे झाला, असा याचा अर्थ काढू नका.

गोखल्यांच्या काळात यातलं बरंचसं ठाऊक नव्हतं. पथ्य आणि हवापालट, एवढेच उपाय. तरी माणूस थांबला नाही. १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, मग सरकारी नोकऱ्यांविषयीच्या आयोगाचं काम अंगावर घेतलं. १९१४ साली महायुद्ध भडकलं तेव्हा ते प्रकृतीसाठी पॅरिसला गेले होते, आणि तिथेच अडकून पडले. फेब्रुवारी १९१५ मध्ये पुण्यात गांधीजींसाठी ठेवलेल्या छोट्या मेळाव्याला ते खोलीतून कसेबसे चालत आले आणि मूर्च्छा येऊन पडले. १९ फेब्रुवारीला ते गेले. वय ४८.

टोरांटोमध्ये एका १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं ते जानेवारी १९२२ मध्ये.