राजेशाही आचारी युद्धावर गेला आणि त्याच्या चुलीनं सव्वाशे वर्षं सैन्याला जेवू घातलं

परभणी जिल्ह्यातल्या पालम तालुक्यात एखाद्या गावात सप्ताहाची सांगता असली की आदल्या रात्रीपासूनच स्वयंपाकाची धांदल सुरू होते. जमिनीत चर खणला जातो, त्यावर मोठाली भगोणी चढतात, शेजारी जळतणाचा ढीग पडतो. सकाळपर्यंत हजार माणसांचं जेवण तयार होतं. पण त्यात अर्धी उष्णता वाऱ्यावर जाते आणि आचाऱ्याचे डोळे धुरानं लाल होतात, हे ज्यानं भगोण्यात कधी झारा फिरवलाय त्याला चांगलंच ठाऊक असतं.

आता हीच पंगत लढाईच्या मैदानावर बसवायची आहे असं समजा. बर्फ पडतोय, सरपण कुठंच नाही आणि आग पेटवली तर शत्रूला जागा कळते. मग काय करायचं?

हे कोडं सोडवलं एका फ्रेंच आचाऱ्यानं. त्याचं नाव अलेक्सिस सोयर.

आपल्याकडं स्टोव्ह म्हटलं की पंप मारून पेटवायचा पितळी रॉकेलचा स्टोव्ह आठवतो. तो प्रायमस १८९२ साली स्वीडनमध्ये तयार झाला. सोयरची चूल त्याच्याही ३७ वर्षं आधीची.

पाद्री व्हायचा, आचारी झाला

सोयरचा जन्म ४ फेब्रुवारी १८१० चा, पॅरिसजवळच्या मो या गावातला. घरच्यांना वाटत होतं पोरगं धर्मगुरू व्हावं. पण मध्यरात्री चर्चच्या घंटा वाजवून त्यानं सगळं गाव जागं केलं आणि शाळेतून त्याला हाकलून दिलं, असं सांगतात. मग तो पॅरिसला मोठ्या भावाकडं गेला. भाऊ स्वयंपाकी होता, त्यामुळं सोयरच्याही हातात सुरी आली.

१८३० साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. मोठ्या लोकांचे वाडे आणि त्यांची स्वयंपाकघरं आता सुरक्षित राहिली नव्हती. पुढच्याच वर्षी सोयरनं लंडन गाठलं.

१८३७ मध्ये तो लंडनच्या रिफॉर्म क्लबचा मुख्य आचारी झाला. त्याच वर्षी एम्मा जोन्स या चित्रकार मुलीशी त्याचं लग्न झालं. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाला क्लबमध्ये सुमारे २ हजार पाहुण्यांची न्याहारी त्यानं पार पाडली. क्लबच्या नव्या इमारतीत त्यानं मांडलेलं स्वयंपाकघर तर लोक तिकीट काढल्यासारखे बघायला यायचे. तिथं गॅसवरच्या शेगड्या होत्या आणि वाफेवर चालणारी यंत्रं होती. लाकूड आणि कोळशाच्या जमान्यात हे सगळं नवलाचंच होतं.

तिरकी टोपी आणि भडक कपडे घालून तो मिरवायचा. त्याच्या नावाच्या चटण्या बाटल्यांतून विकल्या जायच्या. आजच्या भाषेत तो सेलिब्रिटी शेफ होता.

पण १८४२ मध्ये तो परदेशी असताना गरोदर एम्मा अचानक गेली. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही.

भुकेल्यांचं स्वयंपाकघर

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. लाखो माणसं मेली. १८४७ मध्ये सरकारनं सोयरला डब्लिनला पाठवलं.

त्यानं लाकूड आणि कापडाचं एक मोठं स्वयंपाकघर उभं केलं. मध्ये ३०० गॅलनची, म्हणजे साधारण साडेतेराशे लिटरची कढई. एका वेळी शंभर माणसं आत घ्यायची, ती सूप पिऊन उठली की पुढची शंभर. चमचे चोरीला जाऊ नयेत म्हणून साखळीनं बांधलेले. अशा प्रकारे रोज हजारो लोकांना अन्न मिळायला लागलं.

टीकाही झाली. दोन गॅलन पाण्यात जेमतेम पाव पौंड मांस, असलं पातळ सूप पिऊन माणूस जगेल कसा, असा सवाल डॉक्टरांनी केला. तो चुकीचा नव्हता. पण कमी जळतण आणि कमी माणसं वापरून हजारोंची पंगत उठवता येते, हे तिथं दिसून आलं.

१८५० मध्ये त्यानं क्लब सोडला. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनावेळी लंडनमध्ये टोलेजंग खानावळ काढली आणि त्यात ७ हजार पौंड बुडवले. पुढं १८५४ मध्ये गरिबांसाठी एका शिलिंगात मिळणारं पाककृतींचं पुस्तक काढलं, ते मात्र तुफान खपलं.

गोळीपेक्षा आजारानं जास्त मेले

त्याच काळात ब्रिटन आणि फ्रान्सचं रशियाशी क्रिमियात युद्ध पेटलं होतं. या युद्धात सुमारे २१ हजार ब्रिटिश सैनिक मेले. त्यातले साधारण १६ हजार आजारानं गेले.

त्यात जेवणाची व्यवस्था अशी, की प्रत्येक सैनिकाला खारवलेल्या मांसाचा तुकडा हातात द्यायचा आणि ज्यानं त्यानं आपापल्या डब्यात शिजवून घ्यायचा. १८५४ च्या हिवाळ्यात तर कॉफीच्या बिया न भाजताच वाटल्या. भाजायला भांडं नाही, दळायला जातं नाही. जळतण संपलं तेव्हा सैनिक गोठलेल्या जमिनीतून झुडपांची मुळं उपटून जाळायचे. ओल्या मुळांवर मांस शिजणार कसं? मग ते कच्चंच पोटात जायचं.

हे सगळं वर्तमानपत्रात छापून येत होतं. १८५५ च्या सुरुवातीला सोयरनं स्वखर्चानं तिकडं जायची तयारी दाखवली आणि मार्चमध्ये तो तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोचला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथंच काम करत होती.

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात सगळ्यांचं मांस एकाच हंड्यात उकळायचे. आपला तुकडा ओळखू यावा म्हणून त्याला चिंधी, बटण, गंजका खिळा, काहीही बांधायचे. दोरी इतकी करकचून आवळलेली असायची की तुकडा बाहेरून शिजायचा आणि आतून कच्चा राहायचा. वर सगळा कस उतरलेलं पाणी फेकून द्यायचे. सोयरनं दोऱ्या सैल करायला लावल्या, ते पाणी ठेवून त्याचं सूप केलं आणि सैनिकांना स्वयंपाक शिकवून कायमचे आचारी नेमले. त्याच शिध्यात जेवण सुधारलं.

ती चूल

सोयर येताना आपल्या चुलीचा आराखडा घेऊन आला होता. दिसायला पत्र्याचा साधा ड्रम. खाली भट्टी, वर सुमारे १२ गॅलनचं भांडं, त्यावर झाकण आणि धूर जायला धुराडं. अंघोळीचं पाणी तापवायचा बंब आठवा. आग आत कोंडायची आणि उष्णता वाया जाऊ द्यायची नाही, हे तत्त्व दोन्हीकडं सारखंच.

त्यात लाकूड, कोळसा, वाळलेलं शेण, मिळेल ते चालायचं. आग आत असल्यामुळं पावसात विझायची नाही आणि रात्री शत्रूला दिसायची नाही. दोन चुली एका खेचरावर लादता यायच्या. एका चुलीवर ५० माणसांचं जेवण व्हायचं, म्हणजे हजाराच्या पलटणीला वीस चुली पुरेत.

यात खरा बदल होता पद्धतीचा. ५० जणांनी ५० आगी पेटवण्याऐवजी एक आचारी, एक चूल आणि एक पंगत. बाकीचे ४९ जण विश्रांती घ्यायला मोकळे.

२७ ऑगस्ट १८५५ ला सेव्हास्तोपोलसमोरच्या छावणीत सेनापती आणि अधिकाऱ्यांच्या देखत या चुलींवर जेवण रांधून दाखवण्यात आलं. सैन्यानं चूल स्वीकारली. सोयर मात्र तिकडच्या तापानं अंथरुणाला खिळला आणि त्यानंतर त्याची तब्येत पहिल्यासारखी कधीच झाली नाही.

मागे काय उरलं

१८५७ मध्ये लंडनला परतल्यावर तो लष्करी स्वयंपाकावर व्याख्यानं देत राहिला. तेव्हा इकडं भारतात उठाव पेटला होता आणि पालम निजामाच्या राज्यात होतं. जुलै १८५८ च्या शेवटी लंडनच्या वेलिंग्टन बराकीत त्यानं आखलेलं स्वयंपाकघर सुरू झालं. त्यानंतर काही दिवसांतच, ५ ऑगस्टला, तो गेला. वय अवघं ४८. एम्मासाठी त्यानं बांधलेल्या स्मारकातच त्यालाही पुरलं. हजारोंना जेवू घालणाऱ्या या माणसाच्या मागे कर्ज उरलं आणि त्याची कागदपत्रं देणेकऱ्याच्या हाती गेली.

चूल मात्र टिकली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा बेघर झालेल्यांसाठी याच जातीच्या चुलींवर सूप आणि चहा उकळला गेला. १९८२ च्या फॉकलंड युद्धापर्यंत ती ब्रिटिश सैन्याच्या सामानात होती. आज जुन्या लष्करी वस्तूंचे शौकीन तिचा गंज काढून ती पुन्हा पेटवतात. भट्टीचा पत्रा शाबूत असला की बाकी बिघडण्यासारखं तिच्यात फारसं काही नाही.

राण्या आणि उमरावांसाठी त्यानं केलेली पक्वान्नं आज कुणाला आठवत नाहीत. साध्या सैनिकाच्या पोटात गरम घास जावा म्हणून बनवलेल्या लोखंडी ड्रमला मात्र अजूनही सोयर स्टोव्ह असंच म्हणतात.