पाण्याचा तोल जाणणारा माणूस

आमच्या लष्करात उन्हाळा आला की तिघऱ्याचे नाव निघते. धरणात पाणी किती उरले, मृगापर्यंत पुरेल ना, हा विषय ओसरीवर आणि बाजारात एकच. गाणे शिकवणाऱ्या माणसाने धरणावर काय लिहावे, असे वाचकांस वाटेल. पण आपल्या तिघऱ्याशी एका थोर पुरुषाचे नाव जोडलेले आहे आणि जुन्या घरांतूनही ते आता फारसे कोणी काढत नाही, म्हणून हा खटाटोप.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचे. वडील लवकर वारले. शिकवण्या करीत त्यांनी बंगळुरास १८८१ साली बी. ए. केले आणि संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ च्या इंजिनिअरिंग परीक्षेत ते पहिले आले व १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, धुळे, सक्खर, पुणे अशी त्यांची सुमारे पंचवीस वर्षे गेली. पुण्यात रानडे-गोखल्यांचा सहवास लाभला. तेव्हा हा कानडी मुलखातला माणूस आपल्याला परका नव्हे.

त्यांचे दोन उद्योग मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला १८९९ सालचा, नीरा कालव्यावरचा. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत, त्याच्या उसाला मनमुराद पाणी. शेपटाकडच्याला कोरडा पाट. वरच्याची जमीन पाण्याने खराब होई, खालच्याची तहानेने. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडून पिकांची पाळी लावून दिली, म्हणजे पाणी अधिक गावांना पोचावे. आरंभी शेतकऱ्यांत कुरकुर झाली, पण पद्धत टिकली. खानदेशातला जुना फड ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात काही ओळखीचे दिसेल.

दुसरा उद्योग १९०३ चा, खडकवासल्याचा. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात पुणे तेच पाणी शोधत बसे. भिंत न वाढवता त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी दारे बसवली आणि पाण्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. दाराचा तोल एका वजनाने सांभाळलेला. तलाव ठरल्या पातळीवर गेला की जादा पाणी त्या वजनाच्या विहिरीत उतरे. पाण्यात बुडालेले वजन हलके होते, तोल बदलतो, दारे उघडतात. पातळी उतरली की पुन्हा मिटतात. मध्यरात्री पूर आला तरी चौकीदाराला हाक मारायला नको. आज धरणांवर पातळी मोजणारी विजेची यंत्रे आहेत, पण पाण्यालाच पाण्याचा पहारेकरी करण्याची युक्ती या माणसाने विजेवाचून साधली. या दारांचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकर म्हणून त्याचा मोबदला त्यांनी घेतला नाही, असे सांगतात.

हीच दारे पुढे म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर आणि आपल्या तिघऱ्यावर बसली. इथे माझी लेखणी अडखळते. माधवराव महाराजांच्या अमदानीत सांक नदीवर उभे राहिलेले हे धरण १९१७ च्या ऑगस्टात फुटले. अनेक जीव गेले. दोष दारांचा नव्हता. पायाच्या वालुकाश्मातून पाणी झिरपले आणि भिंत गेली. दाराला वरची पातळी कळत होती. खाली दगडात काय चालले आहे, ते त्याला कळण्याचे कारण नव्हते.

शिष्यांना मी सांगतो, तारा कितीही सुरात लावा, भोपळ्याला चीर गेली असेल तर तंबोरा बोलणार नाही. यंत्राचेही तसेच आहे. त्याला एक गोष्ट नेमकी कळते. बाकीचे जाणून घेण्याचे काम माणसाचेच राहते. दुर्घटनेनंतर धरण पुन्हा उभे राहिले आणि शहराची तहान भागवू लागले.

विश्वेश्वरय्या तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते. १९१२ ते १९१८ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. त्याआधी, १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर, निजामाने त्यांना हैदराबादेस बोलावले. पुन्हा तसा पूर येऊ नये म्हणून शहराच्या वर पाणी अडवण्याची योजना त्यांनी आखली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातूनच झाले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. शंभरी ओलांडून १९६२ साली बंगळुरास त्यांचे देहावसान झाले.

नीरेचा शेवटचा शेतकरी आणि पुण्याचा उन्हाळा, दोन्हींची काळजी त्यांनी एकाच रीतीने वाहिली: असलेले पाणी वाया जाऊ द्यायचे नाही, आणि एकट्याच्या घशात जाऊ द्यायचे नाही. आपल्याकडे नळ उघडा टाकून गप्पा मारणारे पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच होतो. तिघऱ्याची ही हकीकत समजल्यापासून रियाजाला बसण्यापूर्वी उठून एकदा नळ पाहून येतो.