अफूतून मॉर्फिन काढणारा झेर्ट्युर्नर, आणि कंपवाताशी जुळलेलं नातं

अफूने दुखणं थांबतं हे माणसाला हजारो वर्षं ठाऊक होतं. अडचण होती मात्रेची. एका अफूने वेदना तशीच राहायची, तर दुसरीकडच्या तेवढ्याच अफूने रुग्ण पुन्हा उठायचाच नाही. जर्मनीतल्या पाडरबोर्नमध्ये औषधाच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या फ्रीड्रिश झेर्ट्युर्नरला याचं कारण हवं होतं.

जन्म १७८३ चा. वडील लवकर गेले, विद्यापीठाचं तोंड त्याने पाहिलंच नाही. १८०५ च्या सुमारास त्याने अफूच्या अर्कात अमोनिया घातला. तळाशी बसलेले स्फटिक कुत्र्यांना दिले, तर ती झोपी गेली. त्याने हे छापलंही, पण दखल फारशी कुणी घेतली नाही.

पुढे त्याने प्रयोग स्वतःवर केला. सोबत तीन तरुण, सतराच्या आतले! प्रत्येकाने अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, घेतलं. थोड्या वेळाने तेवढंच पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा. पाऊण तासात चौघांनाही गुंगी आली. विषबाधेच्या भीतीने त्याने सगळ्यांना कडक व्हिनेगर पाजून ओकायला लावलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे. पण अफूचा गुण याच स्फटिकांत आहे आणि ते तोलून देता येतात, एवढं नक्की झालं. स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फियस, त्यावरून नाव पडलं मॉर्फियम.

हा निबंध १८१७ चा. त्याच वर्षी लंडनमध्ये जेम्स पार्किन्सनचा कंपवातावरचा निबंध निघाला. झेर्ट्युर्नरला १८३१ मध्ये फ्रान्सने बक्षीस दिलं. १८४१ मध्ये तो हामेल्नला वारला.

दोन निबंधांची गाठ पडली ती फार उशिरा. १८६९ मध्ये मॉर्फिन आम्लासोबत तापवून अपोमॉर्फिन बनवलं गेलं. आधी ते ओकारी काढायला वापरत. १९५१ मध्ये ते कंपवाताच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आलं. नावात मॉर्फिन असलं तरी ते वेदनाशामक नाही. ते मेंदूत डोपामिनचं काम करतं, म्हणून इंजेक्शननंतर काही मिनिटांत ताठरलेलं शरीर हलू लागतं.

खुद्द मॉर्फिनच्या जातीची औषधं कंपवातात जपून द्यावी लागतात. त्यांनी बद्धकोष्ठता, गुंगी आणि तोल जाणं वाढतं. पोट साफ नसेल तर लेव्होडोपाही नीट लागू पडत नाही आणि हालचाल आणखी मंदावते. बऱ्याचदा दुखणं लेव्होडोपाचा असर ओसरल्यावरच सुरू होतं. तेव्हा डॉक्टर आधी त्याच्याच वेळा बदलून पाहतात. सेलेजिलिन किंवा रासाजिलिन चालू असताना पेथिडिन किंवा ट्रामाडॉल मात्र घेऊ नये, त्यातून जिवावर बेतू शकतं.