मजुरी आणि मोल : कै. नारायण वामन टिळक यांचें चरित्र

पाथर्डी तालुक्यांतील वाचकांस उचल म्हणजे काय हें समजावून सांगावयास नको. पाऊस ओढ धरतो, बाजरी पदरांत पडत नाहीं, आणि दसरा-दिवाळी होतांच हजारों कुटुंबें संसार गाडीवर घालून ऊसतोडीसाठीं कारखान्यांच्या वाटेस लागतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमानें ठरविलेली अमुक एक उचल. दरवर्षीं असा भाव ठरतां ठरतां मनुष्यास हळूहळू वाटूं लागतें, कीं हीच आपली किंमत. ज्याची उचल मोठी तो मोठा. ज्याच्यावर मागील बाकी फिरली त्यानें खालीं मान घालून चालावें. हा समज किती खोटा आहे, हें पाहावयाचें असेल तर आपल्याच जिल्ह्यांत आयुष्याचीं उत्तम वर्षें घालविलेल्या एका पुरुषाचें चरित्र वाचावें.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. वडिलांचा स्वभाव फार कडक. आई जानकीबाई मात्र प्रेमळ व भक्तिमान होत्या. मातोश्रींचें निधन झाल्यावर घरांत नारायणाचें मन रमेना. कोंवळ्या वयांतच घर सोडून ते नाशिकाकडे आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकले. इंग्रजी शाळेंतहि कांहीं काळ गेले. परंतु पुढील शिक्षणास पैसा नव्हता. 1880 सालीं त्यांचा विवाह झाला. वधू मनकर्णिका गोखले ही तेव्हां अवघी 11 वर्षांची होती. याच पुढें लक्ष्मीबाई टिळक या नांवानें साऱ्या महाराष्ट्रास परिचित झाल्या.

विद्या होती, वाणी होती, कवित्व होतें. पण एका ठिकाणीं पाय ठरत नव्हता. आज येथें शिक्षक, उद्यां तेथें व्याख्याते, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षें चालला. हातीं आलेला पैसा हातीं राहत नसे. दारीं कोणी गरजू आला कीं तो त्याच्या ओंजळींत जाई. पुढें नागपूर येथील धनिक आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय त्यांस मिळाला. तेथें त्यांनीं ऋषि नांवाचें मासिक चालविलें, ग्रंथसंशोधन केलें. श्रीमंत आश्रयदाता आणि विद्वानांत मान, एवढें मिळाल्यावर दुसऱ्या कोणास कृतार्थ वाटलें असतें. टिळकांस मात्र आपण खरोखर कोण व कशासाठीं जगतों, हा प्रश्न स्वस्थ बसूं देईना.

1893 सालीं राजनांदगांवास जात असतां आगगाडीच्या डब्यांत एका युरोपियन गृहस्थाची गांठ पडली. त्यानें दिलेला नवा करार टिळकांनीं वाचावयास घेतला. डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर पुस्तक खालीं ठेववेना. दोन वर्षांनीं, 10 फेब्रुवारी 1895 रोजीं, मुंबई येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशीं मान, आश्रय आणि आप्त हे सर्व एकदम गेलें. लक्ष्मीबाई लहानग्या मुलास घेऊन माहेरच्या माणसांच्या आधारानें राहूं लागल्या. पतिपत्नींची ती ताटातूट चार-पांच वर्षें टिकली. अखेर त्या नगरास आल्या आणि 1900 सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला.

नगर येथें टिळक मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकवूं लागले. पुढें पाळकपणाची दीक्षा मिळाली, राहुरीच्या बाजूस सेवा झाली, आणि 1912 सालापासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचें संपादन त्यांच्याकडे आलें. दुष्काळांत पोरकीं झालेलीं मुलें त्यांच्या घरांत वाढलीं. 1907 सालीं जळगांव येथें कविसंमेलन भरलें, तेथें त्र्यंबक बापूजी ठोंबरे या 17 वर्षांच्या मुलाचें कवित्व सर्वांनीं ऐकलें. या मुलास, म्हणजे बालकवींस, टिळकांनीं नगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें व पोटच्या पोराप्रमाणें सांभाळलें. टिळकांचें स्वतःचें कवित्वहि याच काळीं भरास आलें. फुलांवरील व मुलांवरील त्यांच्या कविता शाळाशाळांतून गेल्या. त्यांचीं भजनें खेड्यापाड्यांच्या मंडळ्या टाळ-मृदंगावर गाऊं लागल्या.

येथवरच्या कथेवरून वाटेल, कीं आतां सर्व कांहीं स्थिर झालें. दरमहा वेतन होतें, राहावयास घर होतें, कवि म्हणून कीर्ति होती. परंतु टिळकांच्या मनांत एक कांटा सलत होता. ख्रिस्ती होणाऱ्यास पोटासाठीं बाटला असें म्हणण्याची त्या काळीं चाल होती. टिळकांनीं तर सर्व गमावून ही वाट धरलेली. तरी परदेशी मिशनचा पगार घेणारा मनुष्य प्रभूविषयीं बोलूं लागला, कीं ऐकणारा मनांत त्याच्या पगाराचाच हिशेब करी. आपल्या देशांत साधूचा शब्द लोक कां मानतात, याचा त्यांनीं पुष्कळ विचार केला. साधूनें आपला शब्द विकलेला नसतो, हें त्याचें कारण होय, असें त्यांस दिसून आलें.

अखेर 1917 सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें. हा निर्णय कोणावर रुसून घेतलेला नव्हता. वय 55 च्या पुढें गेलें होतें, प्रकृति साथ देत नव्हती, गांठीस कांहीं नव्हतें. तशा स्थितींत त्यांनीं सातारा येथें देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेहि भावाभावांप्रमाणें एकत्र यावेत, असा त्या दरबाराचा हेतु होता. त्यांत वरिष्ठ कोणी नाहीं, पगारी कोणी नाहीं. देवाच्या दरबारांत मनुष्य आपल्या मिळकतीनें मोजला जात नाहीं, ही गोष्ट टिळकांनीं अशा रीतीनें आचरून दाखविली.

मात्र या त्यागाची एक दुसरी बाजू आहे आणि ती झांकून ठेवणें बरें नव्हे. उदार मनुष्याच्या घरची चूल दुसऱ्या कोणास तरी पेटवावी लागते. टिळकांनीं सढळ हातानें द्यावें आणि सायंकाळीं डब्यांत पीठ किती उरलें हें लक्ष्मीबाईंनीं पाहावें, असें त्या घरीं वर्षानुवर्षें चाललें. पतीवर त्यांचें अपार प्रेम होतें. तरी त्यांच्या या बेफिकिरीचा त्रास आपणांस किती झाला, हें त्यांनीं पुढें हंसत हंसत पण स्पष्ट लिहून ठेविलें आहे. म्हणून पैशास तुच्छ मानावें, असा बोध या चरित्रांतून कोणी घेऊं नये. लेकरांस भाकरी लागते, आणि ती पैशानेंच येते.

9 मे 1919 रोजीं मुंबई येथें टिळक निवर्तले. देवाच्या दरबारास पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं, आणि ख्रिस्तायन हें त्यांचें महाकाव्य सुमारे अकरा अध्यायांवर थांबलें होतें. व्यापाऱ्याच्या वहीनें पाहिलें, तर जमेच्या बाजूस कांहींच नव्हतें. परंतु जी बाई कधीं शाळेंत गेली नाहीं, जिला पतीनें घरींच अक्षरें गिरवावयास लाविलीं, तिनें तें काव्य हातीं घेतलें आणि 64 अध्याय रचून पूर्ण केलें. 1934 सालापासून लक्ष्मीबाईंचीं स्मृतिचित्रें भागाभागानें प्रसिद्ध झालीं, आणि मराठींतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्यांची गणना होते. 1936 सालीं त्याहि गेल्या. या बाईची किंमत उभ्या आयुष्यांत कोणत्या बाजारानें केली होती? कोणत्याच नाहीं. तरी ती होतीच; ती बाजारानें दिलेली नव्हती, म्हणून बाजारास ती कमीहि करतां आली नाहीं.

वाचकहो, टिळकांस वेतन सोडणें शक्य झालें. कोयत्यावर पोट असणाऱ्यास तें शक्य नाहीं, आणि त्यानें तें सोडावें असें कोणी सांगतहि नाहीं. मजुरी पुरी मागावी. तोडलेल्या उसाचें वजन डोळ्यांनीं पाहावें. मुकादमाच्या वहींतील हिशेब मुलाकडून अथवा मुलीकडून वाचून घ्यावा, आणि त्यासाठीं तीं मुलें शाळेंत ठेवावीं. मजुरी ही कामाची असते. ती कमी-अधिक होते, थकते, बुडतेहि. मनुष्याचें मोल त्या वहींत मांडलेलें नसतें. फडांत पहांटे थंडीनें कांकडत मोळी उचलणारी बाई आणि नगरास दिव्यापाशीं बसून ओंवी जुळविणारी बाई, या दोघींस घडविणारा एकच आहे, आणि त्यानें दोघींवर कसलीहि बाकी फिरविलेली नाहीं.