संत गोन्सालो गार्सिया : वसईचे रक्तसाक्षी

आम्ही देवास बहुधा आजारांत, दुष्काळांत आणि मरणाच्या दारीं हांक मारतों. तेथें तो भेटतोच, ह्यांत संशय नाहीं. परंतु जुना मार्ग सुटून नवा समोर उघडतो, मन एकाएकी उंच उचललें जातें, अशा आनंदाच्या घटकेसही तोच पुढें उभा असतो. आणि त्या वेळीं त्यास ओळखणें अधिक अवघड, कारण आपले हात भरलेले असतात. ह्या महोत्सवाच्या प्रसंगीं आपट्याच्या भाविकांपुढें ज्यांचें चरित्र ठेवावयाचें, ते संत कोणी परदेशस्थ नव्हत. पनवेलमार्गें आगगाडीनें गेल्यास एका दिवसांत जाऊन येतां येईल, अशा वसईचे ते सुपुत्र होत.

संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म सन १५५७ च्या सुमारास वसईस झाला. तेथें तेव्हां पोर्तुगीजांचा अंमल होता. पिता पोर्तुगीज, माता ह्याच कोंकणभूमीची. किल्ल्यांतील येशूसंघीय धर्मगुरूंजवळ त्यांचें शिक्षण झालें, आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याच संघाच्या धर्मगुरूंबरोबर ते गलबतानें जपानास गेले. तेथें सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें आणि जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. येशूसंघांत आपणांस घ्यावें, ही त्यांची मोठी आस होती. ती पुरी झाली नाहीं.

तेव्हां ते व्यापारांत शिरले. व्यापाराची भरभराट झाली. पूर्वेकडील बंदरांतून त्यांची ये-जा सुरू झाली, पैसा आला, नांव झालें. इतर कोणी असता तर वसईस परत येऊन वाडा बांधता! परंतु व्यापारानिमित्त ते फिलिपाइन्स बेटांतील मनिला शहरीं गेले असतां तेथें अनवाणी फिरणाऱ्या, भिक्षेवर राहणाऱ्या फ्रान्सिस्कन संन्याशांशीं त्यांचा परिचय झाला, आणि ह्या श्रीमंत व्यापाऱ्याचें मन हललें. दिवाळें निघालेला मनुष्य देवाकडे वळला तर आपणांस नवल वाटत नाहीं. गोन्सालोंची पेढी मात्र चालती होती. ती त्यांनीं सोडली, आणि सन १५८७ च्या सुमारास ते त्या संघांत दाखल झाले. तेही याजक म्हणून नव्हे, साधे बंधु म्हणून. एकदां नाकारली गेलेली याचना अशी दुसऱ्याच दारीं फळास आली.

मागील आठ वर्षेंही वायां गेलीं नव्हतीं. सन १५९३ मध्यें फिलिपाइन्सच्या गव्हर्नरानें संत पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याजकडे वकील म्हणून धाडलें, तेव्हां बरोबर दुभाषी हवा होता. गोन्सालोंसारखा दुसरा कोठून मिळणार? त्यांच्या मुखानें दरबारांत बोलणें झालें. क्योतो शहरीं राहण्याची परवानगी मिळाली, देऊळ उभें राहिलें, आणि कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय निघालें.

हे दिवस फार टिकले नाहींत. सन १५९६ मध्यें सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्यावरून संशय वाढला आणि हिदेयोशीनें धर्मप्रसारकांस पकडण्याचा हुकूम सोडला. एकंदर सव्वीस जण धरले गेले : सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय, बाकी प्रापंचिक ख्रिस्ती जन. त्यांपैकीं एक मुलगा अवघा बारा वर्षांचा होता. बहुतेकांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची शहरांतून धिंड काढण्यांत आली. नंतर ऐन हिंवाळ्यांत सुमारें महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत चालविलें. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर सव्वीस क्रूस उभे केले गेले. स्तोत्रें गात, भाल्यांचे घाव सोसून त्यांनीं प्राण अर्पिले. गोन्सालो तेव्हां चाळिशीचे होते.

सन १६२७ मध्यें पवित्र ख्रिस्तसभेनें त्यांस धन्य म्हणून मान्यता दिली, आणि ता. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं ह्या सव्वीस जणांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्यांपैकीं हा मान मिळविणारे ते पहिले. मध्यंतरीं, सन १७३९ मध्यें, वसई मराठ्यांनीं घेतली आणि किल्ल्यांतील देवळें ओस पडलीं. त्यांपैकीं येशूसंघाच्या जुन्या देवळास आज लोक गोन्सालो गार्सियांचें देऊळ म्हणूनच ओळखतात, आणि संतांच्या सणास तेथें मिस्सा होते. लहानपणीं ज्या आवारांत त्यांनीं अक्षरें गिरविलीं, तें हेंच.