एका पंगतीचे शिक्षण : कर्मवीर भाऊराव पाटील

भगिनींनो, मुलाला शिकवायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फी आणि पुस्तके येतात. परंतु खेड्यातल्या गरिबाच्या मुलाचे कॉलेज परगावी असले, तर तो राहील कोठे आणि खाईल काय, हाच पहिला प्रश्न असतो. पुष्कळांचे शिक्षण बुद्धीवाचून नव्हे, तर भाकरीवाचून अडले. हा प्रश्न ज्यांनी जन्मभर आपला मानला, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे हे अल्प चरित्र.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी एका जैन कुटुंबात झाला. शिकण्यासाठी ते कोल्हापुरास गेले आणि आपल्या समाजाच्या वसतिगृहात राहू लागले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करावयास त्यांनी साफ नकार दिला. त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले. त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. महाराजांनी निरनिराळ्या जातींसाठी वसतिगृहे काढली होती. भाऊरावांच्या मनाने पुढचे पाऊल घेतले, की सर्वांचे वसतिगृह एकच का नसावे?

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहात, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस बसत. १९२७ साली महात्मा गांधी तेथे आले व त्यांच्या हस्ते वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या कार्याचा निम्मा भार ज्या माउलीने उचलला, तिचे नाव लक्ष्मीबाई. त्या सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. तरीही पतीने आणलेली सर्व जातींची मुले त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळली. मुलांच्या धान्यासाठी त्यांचा एकेक दागिना गेला. पुढे भाऊराव बाहेरगावी असताना घरात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. सवाष्णीला हे किती जड जाते, ते आपणांस वेगळे सांगावयास नको. १९३० साली त्या निवर्तल्या. त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय सोलापूर येथे आहे.

जून १९४७ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. तेथे फी नव्हती, आणि मुलांनी कॉलेजातच राहून शिकावयाचे होते. मात्र फुकट खावयाचे नाही, असा दंडक होता. मुले शेतात राबत, माती खणीत, दगड वाहात, आणि त्या कष्टांतून आपला खर्च भागवीत. यालाच पुढे 'कमवा आणि शिका' हे नाव रूढ झाले. ज्याने शेजारच्या मुलाबरोबर कुदळ धरली आणि त्याच्याच हातची भाकरी खाल्ली, त्याच्या मनात जातीचा विटाळ टिकेल कसा? वर्गातले शिक्षण पुस्तकाचे, तर वसतिगृहातले माणुसकीचे. याच वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील विलायतेस शिकून परत आले, त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण किताब मिळाला, पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला. पुणे विद्यापीठात आजही गरजू विद्यार्थ्यांसाठी 'कमवा व शिका' योजना आहे आणि तिला कर्मवीरांचेच नाव आहे.

भगिनींनो, मंगळसूत्र देण्याची वेळ आज आपणांवर नाही. परंतु परगावची मुले-मुली आपल्याही गल्लीत खोली घेऊन शिकत असतात. सणावाराला त्यांतल्या एखाद्याला जात न विचारता आपल्या पंगतीत बसवावे. लक्ष्मीबाईंचे स्मरण याहून वेगळे ते कोणते?