शरीरशिक्षणाचे आचार्य : स्वामी कुवलयानंद

एरंडोलपासून जवळच पद्मालय नावाचे रमणीय स्थान आहे. कमळांचा तलाव, त्याच्या काठी श्रीगणेशाचे देवालय आणि सभोवती रान, असा तेथील देखावा आहे. त्याच रानात भीमकुंड आहे. एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी खानदेशात जुनी समजूत आहे. आणि गावाला छळणाऱ्या बकासुराला भीमाने येथेच लोळवले, असे लोक सांगतात. ही कथा सांगताना भीमाच्या बळाचे वर्णन सारेच करतात. पण ते बळ त्याने कोणासाठी वेचले, याचा विचार थोडेच करतात. ज्या गरीब घराने पांडवांना आसरा दिला, त्या घरातील एका जीवाचे रक्षण व्हावे, म्हणून भीम बकासुराला सामोरा गेला. आपले बळ दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, हेच त्या कथेचे सार होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी, याच खानदेशात, एरंडोलपासून फार दूर नसलेल्या अमळनेर गावी, एक तरुण शिक्षक येऊन राहिला. त्याने हे सार आपल्या आयुष्यात उतरविले. त्याचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने तो साऱ्या देशास परिचित झाला.

जगन्नाथरावांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. डभोई तेव्हा बडोदे संस्थानात होते. वडील शिक्षक होते. घरची स्थिती बेताची होती. दुसऱ्यांच्या साहाय्यावर शिकावे लागले, तरी त्यांनी अभ्यासात कसूर केली नाही. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि ते बडोद्याच्या महाविद्यालयात दाखल झाले. तेथे अरविंद घोष हे अध्यापक होते. त्यांच्या विचारांचा आणि लोकमान्य टिळकांच्या चळवळीचा या विद्यार्थ्याच्या मनावर खोल ठसा उमटला. आजन्म अविवाहित राहून देशाची सेवा करावयाची, असा निश्चय त्यांनी केला.

परंतु देशसेवा करावयाची ती कोणत्या मार्गाने? या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांना बडोद्याच्या एका व्यायामशाळेत सापडले. जुम्मादादा नावाच्या नामांकित उस्तादांच्या नावाने ही व्यायामशाळा चालत असे. उस्तादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव तेथे तरुणांना शिक्षण देत. माणिकराव हे केवळ पहिलवान नव्हते. मल्लविद्या, मल्लखांब, लाठी, लेझीम या देशी प्रकारांत ते प्रवीण होतेच; शिवाय निखळलेले सांधे बसविणे आणि मोडलेली हाडे जुळविणे यांतही त्यांचा मोठा लौकिक होता. ज्याने तरुणांना मेहनत करावयास लावावयाची, त्याला त्यांच्या दुखापतींवर उपायही करता आला पाहिजे, हा धडा त्यांच्या आचरणातूनच शिष्यांना मिळे. त्या काळी शाळांतून कवायत होई ती इंग्रजी हुकमांवर. माणिकरावांनी देशी भाषेतील हुकूम योजले, आणि एकेकट्याने करावयाच्या व्यायामाला शेकडो मुलांनी मिळून करावयाच्या संघव्यायामाचे रूप दिले.

१९०७ ते १९१० अशी तीन वर्षे जगन्नाथरावांनी माणिकरावांपाशी शिक्षण घेतले. एकीकडे महाविद्यालयातील संस्कृत ग्रंथ आणि दुसरीकडे आखाड्यातील माती, असा त्यांचा दुहेरी अभ्यास चालला होता. १९१० साली ते पदवीधर झाले. विद्वानाने शरीराची हेळसांड करावी आणि बलवानाने पुस्तकाकडे पाठ फिरवावी, ही आपल्याकडील जुनी खोड होती. गुणे यांनी ती स्वतःपुरती मोडून काढली.

पदवी मिळाल्यावर चांगली नोकरी मिळविणे त्यांना अवघड नव्हते. तथापि खेड्यापाड्यांतून हिंडताना त्यांनी लोकांचे अज्ञान आणि भोळ्या समजुती डोळ्यांनी पाहिल्या होत्या. शिक्षणावाचून या लोकांना तरणोपाय नाही, अशी त्यांची खात्री झाली. अमळनेरच्या खानदेश शिक्षण मंडळाच्या उभारणीत त्यांनी हातभार लावला, आणि १९१६ साली तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. बोरी नदीच्या काठचे अमळनेर तेव्हा विद्येचे केंद्र म्हणून पुढे येत होते. त्याच वर्षी श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्याने तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले होते. कापूस पिकविणाऱ्या या मुलखातील तरुणांना प्राचार्य गुणे भारतीय संस्कृतीचे पाठ देत.

मात्र महाविद्यालयातील राष्ट्रीय वातावरण ब्रिटिश सरकारला रुचले नाही. १९२० साली ते बंद पाडण्यात आले. वाढीस लावलेले रोप डोळ्यांदेखत उपटले जावे, असाच हा आघात होता. दुसरा एखादा खचून गेला असता. गुणे यांनी मात्र १९२३ पर्यंत विद्यार्थ्यांना शिकविण्याचे व्रत चालू ठेवले. ते गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, त्याच मंडळाच्या शाळेत साने गुरुजी शिक्षक म्हणून आले. अमळनेरच्या भूमीला असे थोर शिक्षक एकामागून एक लाभले.

या धकाधकीच्या काळातच जगन्नाथरावांच्या आयुष्याला नवे वळण लागले. १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर या गावी त्यांना परमहंस माधवदास महाराज या वृद्ध योग्याचे दर्शन घडले. महाराजांनी त्यांना योगाची दीक्षा दिली. आसने, प्राणायाम आणि योग्यांच्या इतर क्रिया ते शिकले. त्यांचा अनुभव उत्तम होता. गुरूंवर श्रद्धाही अढळ होती. पण त्यांचे मन एवढ्यावर थांबेना. या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते? ग्रंथांत जे सांगितले आहे, ते मोजून दाखविता येईल काय?

त्या काळी हा प्रश्न विचारणे सोपे नव्हते. योगाची परीक्षा पाहणे म्हणजे गुरुवचनावर संशय घेणे, असे श्रद्धाळू लोकांना वाटे. उलट, इंग्रजी शिकलेल्या पुष्कळांना योग म्हणजे बैराग्यांचे थोतांड वाटे. एकाला तपासणीची गरज वाटत नव्हती, तर दुसऱ्याच्या मते तपासण्यासारखे काही नव्हतेच. गुणे या दोघांच्याही वाटेने गेले नाहीत.

१९२० व १९२१ या वर्षांत त्यांनी काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन बडोद्याच्या रुग्णालयात प्रयोग आरंभिले. त्यांतील एक समजून घेण्याजोगा आहे. नौली नावाची एक क्रिया आहे. तीत श्वास पूर्ण बाहेर सोडून पोट आत ओढतात आणि पोटाचे स्नायू मध्यभागी दोरासारखे उभे करतात. पाण्यात बसून ही क्रिया केली असता योग्याच्या आतड्यात पाणी वर चढते, असा जुना अनुभव होता. पाणी चढते ते कशाने? होळीच्या दिवसांत तुम्ही पिचकारीचा दांडा मागे ओढता, तेव्हा नळीतील दाब कमी होतो, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने रंग आत शिरतो. नौलीतही असेच काही घडत असावे, असा तर्क होता. नुसत्या तर्कावर न थांबता गुणे यांनी आतड्यातील दाब पाऱ्याच्या दाबमापकाने मोजला आणि क्ष-किरणांची चित्रे घेतली. नौली करताना आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खरोखरच कमी होतो, असे दिसून आले. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. गुरूंच्या विद्येला मापाची जोड देणे, हीच त्यांची गुरुदक्षिणा ठरली.

१९२४ साली त्यांनी पुणे आणि मुंबई यांच्यामध्ये घाटमाथ्यावर वसलेल्या लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आता जगन्नाथ गुणे हे नाव मागे पडले व स्वामी कुवलयानंद हे नाव रूढ झाले. कुवलय म्हणजे नीलकमळ. नियतकालिकात प्रयोगांची हकीगत, आकडे आणि छायाचित्रे छापली जात. आपण काय केले ते सर्वांपुढे उघड ठेवावे, म्हणजे दुसऱ्यालाही ते पडताळून पाहता येते, अशी त्यांची भूमिका होती. महात्मा गांधींनी १९२७ साली आपल्या प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कोवूर बेहनन या अभ्यासकाने लोणावळ्यास राहून योगाचा अनुभव घेतला आणि १९३७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

स्वामीजींच्या सचोटीची खरी कसोटी प्राणायामाच्या प्रयोगांत लागली. प्राणायामात श्वास दीर्घ घेतात. म्हणून शरीराला प्राणवायूचा मोठा साठा मिळतो, असे बहुतेक शिक्षक सांगत. ही समजूत योगाची थोरवी वाढविणारी होती. स्वामीजींनी मोजमाप केले, तेव्हा उलटेच आढळले. प्राणायामात नेहमीच्या श्वसनापेक्षा अधिक प्राणवायू घेतला जात नाही, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. ज्या विद्येला त्यांनी आयुष्य वाहिले होते, तिच्याविषयीची ही लाडकी समजूत त्यांना खोडून काढावी लागणार होती. निष्कर्ष दडवून ठेवणे सोपे होते. पण त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला, आणि प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या साठ्यात नसून अन्यत्र शोधले पाहिजे, असे प्रतिपादन केले. पुढे इतरांनी वेगवेगळ्या रीतींनी मोजमापे केली. काहींचे निष्कर्ष निराळे निघाले. शास्त्राची वाटचाल अशीच होत असते. आपल्याला प्रिय वाटणाऱ्या गोष्टीवरही सत्याची बाजू सोडावयाची नाही, हा स्वामीजींचा बाणा मात्र कोणत्याही मोजमापाने उणा ठरत नाही.

प्रयोगशाळेत रमूनही ते मुलांना विसरले नाहीत. माणिकरावांच्या आखाड्यात शिकलेला संघव्यायाम आणि माधवदासांकडून मिळालेली आसने यांचा त्यांनी मेळ घातला, आणि वर्गातील सर्व मुलांनी मिळून करावयाचा ‘यौगिक संघव्यायाम’ सिद्ध केला. त्याला उपकरणे लागत नाहीत, खर्च येत नाही, आणि आखाड्यात उतरण्याइतकी ताकद नसलेल्या मुलालाही त्यात भाग घेता येतो. पुढे मुंबई प्रांताच्या सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. व्यायाम शिकविणाऱ्यालाही विद्या हवी, शरीराची रचना त्याला ठाऊक हवी, हा विचार त्यामुळे मूळ धरू लागला. १९५०च्या सुमारास लोणावळ्यास योगाचे महाविद्यालयही सुरू झाले. अमळनेरचे महाविद्यालय सरकारने बंद पाडल्याला तेव्हा तीस वर्षे लोटली होती. त्या प्राचार्याचे काम बंद पडले नव्हते. त्याने केवळ स्थान बदलले होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे देहावसान झाले. कैवल्यधामातील अध्ययन आणि संशोधन त्यांच्यामागेही चालू राहिले.

शाळेच्या मैदानावर रांगेने उभे राहून आपण व्यायाम करतो, तेव्हा तो कोणी आणि का आखला, हे आपल्या मनातही येत नाही. भीमाच्या बळाने एका घराचे रक्षण झाले. स्वामीजींनी बलसंवर्धनाची विद्याच घराघरांतील मुलांच्या स्वाधीन केली. आणि देण्यापूर्वी ती पारखून घेतली. जे दुसऱ्याला द्यावयाचे ते आधी पारखून घ्यावे, याहून मोठी शिकवण शिक्षक कोणती देणार?

स्वाध्याय

१. एरंडोलजवळच्या भीमकुंडाच्या कथेचे सार लेखकाने कोणते सांगितले आहे?
२. प्रोफेसर माणिकरावांपासून जगन्नाथराव काय काय शिकले?
३. नौलीच्या प्रयोगात पिचकारीचा दृष्टांत कशासाठी दिला आहे?
४. प्राणायामाच्या प्रयोगांतून स्वामीजींचा कोणता गुण दिसून येतो? तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या शाळेत होणाऱ्या संघव्यायामाचे आठ-दहा ओळींत वर्णन करा.